वाल्याच्या घरची माणसं

आखाडात आमच्या केंद्रावर एक फोन आला होता. त्या दिवशी कार्यक्रम शेळ्यांच्या पावसाळी आजारांवर होता आणि फोनही त्यावरचेच येत होते. ही बाई म्हणाली, "शेळीचं नाही हो, दुसरंच विचारायचंय. चालंल का?" आम्ही म्हटलं, विचारा. तर म्हणाली, "पोरगं दुसरीत हाय. बाप जेलात हाय हे त्याला ठावं न्हाई. मुंबईला कामाला गेलाय म्हणून सांगितलंय. आता दिवाळीला येणार का, दिवाळीला येणार का, रोज तेच लावलंय. काय सांगू त्याला?"

तिनं नाव सांगितलं नाही, गाव सांगितलं नाही. फोनवर जी होती तिनं "विचारून सांगते ताई" असं म्हणून वेळ मारून नेली. पलीकडून "बरं" आलं आणि फोन बंद. नंतर तिचा फोन आलेला नाही. आम्ही मात्र तिचा प्रश्न तेव्हापासून घेऊन फिरतोय. आजचं बोलणं त्यातूनच निघालंय.

खरं सांगायचं तर त्या प्रश्नानं आम्हाला आमचीच एक गोष्ट आठवली आणि ती काही बरी नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याच बचत गटातल्या एकीच्या नवऱ्याला पोलिसांनी नेलं. खटला अजून उभाच आहे. त्यानं केलं की नाही ते कोर्ट ठरवील, पण आम्ही त्याआधीच ठरवून मोकळ्या झालो. तिला गटातून काढलं नाही, तेवढी लाज आम्हाला होती. पण तिच्या घरी बैठक ठेवायचं बंद झालं. संक्रांतीला तिला बोलावणं धाडायचं "राहून गेलं". तिच्या हप्त्याला दोन दिवस उशीर झाला तर आमच्या तोंडावर तो दिसायला लागला. थोरली मुलगी नववीत होती. सहामाहीनंतर ती शाळेत दिसेना. आम्ही चौकशी केली तेव्हा माय-लेकी कारखान्याच्या टोळीबरोबर ऊसतोडीला गेल्या होत्या. कोयता आईच्या हातात आणि मोळ्या बांधायला लेक. घराला कुलूप होतं.

लहानपणी आपण सगळ्यांनी वाल्या कोळ्याची गोष्ट ऐकली आहे. नारदमुनी त्याला म्हणतात, ज्यांच्यासाठी हे करतोस त्यांना जाऊन विचार, पापात वाटेकरी होणार का? वाल्या घरी येऊन विचारतो आणि बायकामुलं सरळ नाही म्हणतात. गोष्ट तिथून वाल्याबरोबर रानात जाते, अंगावर वारूळ चढतं, त्याचा वाल्मीकी होतो. घरी राहिलेल्या बाईचं काय झालं, पोरांनी काय खाल्लं, गावानं त्यांना पाणी भरू दिलं का, हे कुणी सांगत नाही. पापाचे वाटेकरी व्हायला ती नाही म्हणाली, पण शिक्षेचा वाटा तिला कुणी न विचारताच मिळाला असणार. तो वाटा कसा येतो हे बघायचं म्हणून आम्ही जरा मागं गेलो.

सुरुवात ओळखीच्या घरापासून करू. लोकमान्य टिळकांना २४ जून १९०८ रोजी मुंबईत पकडलं. २२ जुलैला रात्री निकाल लागला, सहा वर्षं काळं पाणी, आणि त्याच रात्री त्यांना खास गाडीत बसवून अहमदाबादला साबरमतीच्या तुरुंगात नेलं. सप्टेंबरात ते ब्रह्मदेशात मंडालेला पोचले. मुंबईतल्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, हे आपण शाळेत शिकलो. मंडालेत 'गीतारहस्य' लिहिलं गेलं, हेही शिकलो. पण पुण्याच्या गायकवाडवाड्यात त्या सहा वर्षांत कोण कसं जगलं हे आम्हाला तरी कुठल्या धड्यात भेटलं नाही.

त्या वाड्यात सत्यभामाबाई होत्या. माहेरच्या त्या तापी, कोकणातल्या लाडघरच्या बाळांच्या. १८७१ साली लग्न होऊन आल्या. थोरला मुलगा विश्वनाथ १९०३ साली प्लेगमध्ये गेला होता. मुली होत्या, आणि रामभाऊ व श्रीधर असे दोन मुलगे. श्रीधरला घरी बापू म्हणत. बाप गेला तेव्हा बापू बारा वर्षांचा होता.

त्या काळी मंडालेहून महिन्याकाठी मोजकीच पत्रं घरी येत. ती इंग्रजीत लिहिलेली असत, कारण साहेबांना वाचून पास करायची असत. ती यायची भाचे धोंडोपंत विद्वांस यांच्या नावावर. घरचा सगळा व्यवहार तेच बघत. पत्रांत कोर्टाची कामं असत, पुस्तकांच्या याद्या असत, मुलांच्या अभ्यासाची चौकशी असे. म्हणजे नवऱ्याचा शब्द बायकोपर्यंत यायचा तो आधी साहेबाच्या नजरेखालून, मग इंग्रजीतून, मग भाच्याच्या तोंडून. आम्ही हे वाचलं तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, "आता जेलच्या मुलाखतीत मध्ये काच असते, तेव्हा तीन काचा होत्या." आम्हाला ते पटलं.

सत्यभामाबाई ७ जून १९१२ रोजी वारल्या. नवरा सुटायला दोन वर्षं बाकी होती. बातमी मंडालेला पोचल्यावर टिळकांनी जे पत्र लिहिलं त्यात मोठमोठे आघात सोसायची सवय असलेला माणूसही हललेला दिसतो. अखेरच्या वेळी आपण तिच्याजवळ नव्हतो याची बोच त्यात आहे. आणि लगेच मुलांची काळजी आहे. अभ्यास सोडू नका, मीही तुमच्याहून लहान वयात आईबापांना पारखा झालो होतो, अशा अर्थाचा निरोप त्यांनी मुलांना धाडला. निरोप खराच होता, टिळकांची आई ते दहा वर्षांचे असताना गेली होती. पण सोळा वर्षांच्या पोराला आई गेल्यावर बापाकडून मिळालं ते एवढंच, सरकारी शिक्क्यानिशी आलेला निरोप. यात बापाचा दोष नाही. शिक्षा म्हणतात ती हीच.

१६ जून १९१४ च्या मध्यरात्री पोलिसांनी टिळकांना वाड्याच्या दाराशी आणून सोडलं. दारावरच्या पहारेकऱ्यानं मालकाला ओळखलं नाही, आत सोडेना. आतून माणूस आलं आणि ओळख पटली तेव्हा दार उघडलं. हा प्रसंग चरित्रांतून गमतीनं सांगतात. आम्हाला त्यात गंमत दिसली नाही. सहा वर्षांनी घरी आलेल्या कुठल्याही कैद्याला विचारा, घर त्याला ओळखायला किती वेळ लागतो ते. बारा वर्षांचा बापू तेव्हा अठराचा झाला होता. पुढं हे श्रीधरपंत बाबासाहेब आंबेडकरांचे मित्र झाले. समतेच्या कामात पडले, आणि १९२८ साली त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. त्यामागं केसरीच्या विश्वस्तांशी चाललेल्या कोर्टकचेऱ्या होत्या, आणखीही कारणं असतील. त्याचं खापर त्या सहा वर्षांवर फोडणं बरोबर होणार नाही. बारा ते अठरा या वयात त्यांच्या घरी बाप नव्हता आणि सोळाव्या वर्षी आई गेली, एवढं मात्र खरं आहे.

आता कुणी म्हणेल, टिळकांचं काय घेऊन बसलात, त्यांच्या घरामागं सारा देश उभा होता. बरोबर आहे. मानाचा तुरुंग आणि लाजेचा तुरुंग यांत फरक आहेच. पण आमच्या भागात मानाच्या तुरुंगाचीही दुसरी बाजू बघायला मिळते. क्रांतिसिंह नाना पाटील येडेमच्छिंद्रचे. १९३२ ते १९४२ या दहा वर्षांत ते आठ-नऊ वेळा तुरुंगात गेले, मग भूमिगत झाले आणि प्रतिसरकार उभं राहिलं. त्यांची एकुलती लेक हौसाताई. आई ती लहान असतानाच गेलेली. ती वाढली आजीच्या हाताखाली.

हौसाताई २०२१ साली, पंच्याण्णव वर्षांच्या होऊन गेल्या. शेवटपर्यंत त्या जुन्या गोष्टी सांगायच्या. इंग्रजांनी घर जप्त केलं, जमीन गेली. पोलीस आले तेव्हा आजी जात्यावर दळत होती. गावातली माणसं मनातून नानांच्या बाजूची होती, पण भीतीनं कुणी चिमूटभर मीठही देईना, कामावरही बोलावीना. मग उंबरं गोळा करून त्याचं कालवण करून खाल्लं. पुढं मामानं एक बैलजोडी आणि गाडी दिली. भाड्यानं ओझी वाहून त्यावर घर चाललं.

मैत्रिणींनो, आम्ही इथं बराच वेळ थांबलो. ज्या माणसाचं नाव ऐकून मामलेदार टरकायचा, त्याच्या लेकीला मीठ मिळत नव्हतं. गावाला लाज वाटत नव्हती, गावाला भीती वाटत होती. पण मीठ न मिळणाऱ्या चुलीला त्यानं काय फरक पडतो? आम्ही आमच्या गटातल्या बाईच्या दारात जायचं टाळलं तेही अर्धं लाजेनं आणि अर्धं भीतीनंच, उद्या पोलीस आम्हालाही काही विचारतील म्हणून. आणि एक. हौसाताईंचं घर भाषणांनी तगलं नाही. ते तगलं मामाच्या बैलजोडीमुळं.

हौसाताई स्वतःही पुढं तुफान सेनेच्या कामात उतरल्या. साथीदाराला सोडवायला गोव्यापर्यंत गेल्या, परतताना मांडवी नदी पोहून पार केली. तेव्हा घरी त्यांचं तान्हं मूल होतं. नानांच्या वेळी आजीनं नात सांभाळली, हौसाताईंच्या वेळी घरच्या बायकांनी मूल सांभाळलं. चळवळीच्या इतिहासात या सांभाळणाऱ्यांची नावं शोधायला गेलं तर हाती फार काही लागत नाही.

हा झाला मानाचा तुरुंग. आता लाजेच्या तुरुंगाकडं येऊ. तिथं इंग्रज सरकारनं असा कायदा केला होता की बापानं काही करायचीही गरज नव्हती. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी, टकारी, भामटे अशा कितीतरी जमाती सरकारी कागदावर जन्मजात गुन्हेगार ठरल्या. सोलापूरला त्यांच्यासाठी तारेचं कुंपण घालून वस्ती केली. 'सेटलमेंट' हे नाव सोलापुरात आजही आहे. माणसं गिरणीत राबायची, पण बाहेर पडायला पास आणि रोजची हजेरी. तारेच्या आत नुसता बाप नव्हता. बाई, म्हातारी, तान्ही पोरं, सगळीच आत.

या कायद्यात १८९७ साली एक दुरुस्ती झाली. ती वाचून आमच्यातल्या दोघी-तिघी उठूनच गेल्या. चार ते अठरा वर्षांची मुलं आईबापांपासून काढून वेगळ्या सुधारशाळेत ठेवायचा अधिकार तिनं सरकारला दिला. चार वर्षांचं मूल. अंगणवाडीतून अजून पहिलीत न गेलेलं. त्याचा गुन्हा काय, तर आईबाप. आणि कारण काय दिलं? मुलांचं भलं व्हावं म्हणून. मुलांच्या भल्यासाठी असं कुणी म्हणायला लागलं की आधी आईला विचारलं होतं का ते बघावं, असं आमचं मत झालंय.

देश १५ ऑगस्ट १९४७ ला सुटला, पण हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला उठला. मध्ये पाच वर्षं सोळा दिवस गेले. म्हणून आपल्याकडचे भटके-विमुक्त ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन पाळतात. कायदा गेला, नजर गेली नाही. आजही कुठं चोरी झाली की आधी कुठल्या पालावर गाडी जाते हे आपल्याला माहीत आहे. आणि गाडी आली की पालावरची पोरं शाळा सोडून रानात पळतात, हेही.

आता याच भागातली एक वेगळी गोष्ट. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणींनी एसटीतून जाता-येता पाटी वाचली असेल, पण ते काय आहे ते आम्हालाही नीट माहीत नव्हतं. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कारवाले. त्यांनी गांधीजींच्या सल्ल्यानं १९३९ साली आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली. त्यांच्याकडं मॉरिस फ्रीडमन नावाचे मूळचे पोलंडचे एक इंजिनिअर होते. पुढं ते भारतानंद या नावानं ओळखले गेले. कैद्यांना बेड्या न घालता माळावर नेऊन शेती करू द्यावी, बायकामुलांसह राहू द्यावं, ही कल्पना त्यांची. १९३९ मध्येच स्वतंत्रपूर वसलं. भिंत नाही, तार नाही. कैदी रात्री पळून जाईल ही भीती होतीच. पण बायको शेजारी आणि पोरं अंगणात झोपलेली असताना माणूस कुठं पळणार, असा त्यामागं हिशेब होता.

'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ सालचा व्ही. शांतारामांचा सिनेमा याच प्रयोगावरून सुचला. त्याची कथा गदिमांची, आणि गदिमा तर आटपाडीकडचेच. सिनेमात सहा कैदी आणि एक भला जेलर आहे. सिनेमा आम्हाला आवडतोच. पण खऱ्या स्वतंत्रपुरात जी मोठी गोष्ट होती, कैद्याची बायकामुलं, ती सिनेमात मागं पडली आणि जेलर पुढं आला. सिनेमावाल्यांचं काय, त्यांना एक नायक लागतो.

आमच्यातल्या एकीचं माहेर त्या बाजूला आहे. तिची आई सांगते, तिच्या वर्गात तिथली दोन भावंडं होती. सुरुवातीला पोरं त्यांच्याशेजारी बसत नसत. मग पेरू आला. त्यांच्या बापानं पेरूची झाडं लावली होती आणि ती दोघं दप्तरातून पेरू आणायची. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. शाळा सुटली की दोघं घरी जाऊन बापाबरोबर माळव्याला पाणी पाजायची. बापाचा गुन्हा काय होता ते तिला कधीच कळलं नाही.

स्वतंत्रपूर आजही चालू आहे, राज्याच्या कारागृह विभागाकडं. पण जागा अगदी थोड्या, लांबची शिक्षा झालेल्या आणि वर्तणूक चांगली असलेल्या मोजक्याच कैद्यांना ती मिळते. ऐंशीहून जास्त वर्षं झाली, पण एवढ्या मोठ्या महाराष्ट्रात अशी दहा-वीस गावं का झाली नाहीत, हा प्रश्न आम्हाला पडला. आणि दुसराही पडला. तिथं जायचं तर बायकोला आपलं गाव, आपली भावकी, असलेली मजुरी सोडून नवऱ्याच्या शिक्षेत राहायला यावं लागतं. काहीजणी आनंदानं आल्या असतील. एखादीला मार चुकला म्हणून नवऱ्याची अटक बरी वाटली असेल, तिचं काय? अशाही बाया आहेत, आमच्याकडं त्यांचेही फोन येतात. नवरा आत गेल्यावर पहिल्यांदा रात्रभर झोपले, असं एक सांगत होती. पोरं मात्र बापाची वाट बघत होती. एकाच घरात हे दोन्ही असतं. सगळ्यांना एकच औषध देता येत नाही.

आणि आई आत गेली तर? आणीबाणीत हे शिकल्या-सवरल्या घरांतही झालं. मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात होते आणि प्रमिलाताई येरवड्याला. नवरा-बायकोचा संसार पत्रांतून चालला, मुलगा बाहेर. मृणालताई गोऱ्यांनी तर लेकीला एकटीनं वाढवलं होतं, त्याही आत. या घरांना मित्रांचा, संघटनेचा आधार होता. साध्या घरातली बाई आत जाते तेव्हा चित्र फार वेगळं असतं. नवरा आत असला की बायको डबा, वकील, जामीन यासाठी धावते, रोज बुडवून कळंब्याला नाहीतर येरवड्याला जाते. बाई आत असली की कितीदा मुलाखतीला कुणी येतच नाही. सासर म्हणतं आमची नव्हे, माहेर म्हणतं दिली तिथं मेली.

तिची लहान मुलं मग तिच्याबरोबर बराकीत राहतात. २००६ साली आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्याबद्दल नियम घालून दिले. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं. त्या मुलाला कैदी म्हणून वागवायचं नाही, त्याला वेगळा आहार, पाळणाघर, बालवाडी मिळाली पाहिजे. तुरुंगात असताना जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर जन्माचं ठिकाण म्हणून तुरुंग लिहायचा नाही. हा शेवटचा नियम ज्या कुणाला सुचला त्याला आमचा नमस्कार. दाखल्यावरचा एक शब्द पोराला आयुष्यभर कसा चिकटतो हे त्याला ठाऊक असणार. २०२२ च्या अखेरीस देशभरात १,५३७ बाया १,७६४ मुलांसह तुरुंगात होत्या. देशातल्या कैद्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे, हे लक्षात ठेवून हे आकडे ऐका. सहा वर्षं पुरी झाली की मूल बाहेर, नातेवाइकांकडं नाहीतर संस्थेत. एकदा जगापासून तुटलेलं पोर दुसऱ्यांदा आईपासून तुटतं.

अलीकडं आपल्या राज्यात काही गोष्टी बऱ्या झाल्या आहेत. कैद्यांना सोळा वर्षांखालच्या मुलांना जवळ घेऊन भेटता यावं म्हणून तुरुंगांत 'गळाभेट' कार्यक्रम होतात. एरवी मध्ये जाळी किंवा काच आणि हातात फोन. १ मे २०२२ पासून येरवड्यात 'जिव्हाळा' नावाची कर्ज योजना सुरू झाली, कैद्याला तुरुंगातल्या कमाईच्या भरवशावर घरच्यांसाठी ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. शिक्षा झालेल्यांना संचित रजा आणि अभिवचन रजा मिळते, आपण ज्याला फर्लो-पॅरोल म्हणतो ती. पण रजेचा अर्ज आला की पोलीस गावात चौकशीला येतात आणि शेजारपाजारचे काय म्हणतात ते विचारतात. तिथं आपला संबंध येतो. रजेवर आलेल्या बापाच्या पोरांची दिवाळी आपल्या एका वाक्यावर अडू शकते. कधी नाही म्हणणंच बरोबर असतं, बाईच्या जिवाला धोका असेल तर नक्कीच. पण "नको ती ब्याद" म्हणून नाही म्हणताना आपण पोरांना मोजत नाही.

आता त्या फोनवाल्या ताईसाठी. ताई, तुमचं उत्तर द्यायला आम्हाला उशीर झाला. आमच्यातल्या शिक्षिका म्हणाल्या, आम्ही अंगणवाडीताईंनाही विचारलं, आणि ज्यांच्या घरी हे झालंय अशा दोघींशी बोललो. त्या दोघींपैकी एकीचा मुलगा आता कॉलेजात आहे. ती म्हणाली, मी चार वर्षं मुंबई-मुंबई केलं आणि त्याला कळलं ते पोरांच्या भांडणात, "तुझा बाप जेलात हाय" असं. त्याला बापाचा राग आला नाही, माझा आला. म्हणून आमचं म्हणणं असं, की खरं सांगा, पण दुसरीतल्या पोराला पेलेल एवढंच. बाबा एका ठिकाणी आहेत, तिथून त्यांना आत्ता येता येत नाही, कोर्ट सांगेल तेव्हा येतील, तुझं त्यात काही चुकलं नाही. हे शेवटचं नक्की सांगा, कारण पोरं मनात तेच धरून बसतात. दिवाळीला येणार नाहीत हे दिवाळीच्या आधीच सांगा. त्याच्याकडून चित्र काढून घ्या आणि ते मुलाखतीला नाहीतर टपालानं पाठवा.

वकील परवडत नसेल तर १५१०० या नंबरवर विधी सेवेवाले फुकट मदत करतात. मुलांसाठी १०९८ आहे. बालसंगोपन योजनेत तुमचं मूल बसतं का ते जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात विचारा. एकटीनं जायचं वाटत नसेल तर आमच्यातली कुणीतरी येईल. नाव सांगितलंच पाहिजे असं नाही.

आणि आमच्या गटातली ती. टोळी परत आली तेव्हा आम्ही चौघी तिच्याकडं गेलो. तिनं कुलूप काढलं, आम्हाला आत बसवलं, चहा टाकला. फार काही बोलली नाही. आम्हीही काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, त्यातलं निम्मं बोलता आलं नाही. पोरीच्या नावानं सतरा नंबरचा फॉर्म भरायचं ठरलंय, दहावीला बाहेरून बसेल. त्याचे पैसे गटातून द्यायचे की वर्गणी काढायची यावर आमच्यात अजून वाद चालू आहे. पुढच्या महिन्याची बैठक तिच्या घरी आहे.